कुलपांना लावलेली नोटीस

कमलबाईंच्या पेटीत एक्केचाळीस शाली होत्या, आणि थंडी वाजली की त्या गोधडीच अंगावर घ्यायच्या. सत्काराची शाल पांघरण्यासाठी नसतेच. फोटो निघेपर्यंत ती खांद्यावर टिकली म्हणजे तिचं काम संपलं. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, शाळेतलं झेंडावंदन उरकलं की कोणीतरी पुढारी एक नवी शाल कमलबाईंच्या अंगावर टाकायचा, हातात नारळ द्यायचा आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून असा हसायचा की बघणाऱ्याला वाटावं, निजामाला यानंच हुसकावलं. तेव्हा हा जन्मलाही नव्हता मेला, आणि याचा आजा बहुतेक आतून कडी लावून बसला असेल, असं कमलबाई मनातल्या मनात म्हणायच्या. पण शाल घ्यायच्या. ते मात्र लक्षात ठेवलं पाहिजे.

कमलबाई म्हणजे बाभूळखेडच्या आश्रुबादादांची लेक. वय त्र्याऐंशी. नवरा मानवतला आडतीवर मुनीम होता. तो गेल्यावर त्या माहेरी आल्या, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. भावाचा मुलगा भुजंग, त्याच्या स्लॅबच्या घरातली पुढची खोली त्यांची. पुढची अशासाठी, की येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याला दारातूनच दाखवता याव्यात. "या आमच्या आत्या. दादांच्या कन्या." मग पाहुणा वाकून पाया पडायचा आणि आत जाऊन भुजंगशी ठेक्याचं बोलत बसायचा.

दादांचं आयुष्य सांगायला अगदी सोपं होतं, म्हणूनच बहुधा गावात कोणाला ते धड सांगता येत नव्हतं. चौथी शिकलेला पंचवीस वर्षांचा गडी एकोणीसशे तीस साली विळा घेऊन पैनगंगा ओलांडून इंग्रजांच्या वऱ्हाडात गेला, सरकारी जंगलातलं गवत कापायला. बंदी होती, म्हणून कापायचं. एक पेंढी कापली आणि सहा महिने अकोल्याच्या तुरुंगात बसला. सुटून आला तर इकडं इंग्रजांच्या छत्राखालचा निजाम होताच. मग इथंही तेच. हात उचलायचा नाही, पळायचं नाही, आणि ऐकायचंही नाही.

त्यांची एक खोड होती. कायदा मोडायचा तो आधी कळवून. अमुक तारखेला, अमुक वाजता चावडीपुढं झेंडा लावणार, धरायचं तर धरा, अशी चिठ्ठी ते स्वतः ठाण्यात नेऊन द्यायचे आणि वर अमीनाकडं, म्हणजे त्या काळच्या फौजदाराकडं, तिची पोच मागायचे. एका अमीनानं पोच म्हणून त्यांच्या थोबाडीत दिली. एक दाढ पडली. "पोच मिळाली," असं दादा म्हातारपणी गालावर हात ठेवून सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

शेवटच्या खेपेला, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला, तुरुंगात माफीनामा पुढं केला होता. सही कर आणि घरी जा. घरी थोरला मुलगा तापानं गेला होता, बायको तिसऱ्या बाळाची बाळंतीण होती, कमल पाच वर्षांची. दादांनी सही केली नाही. अकरा महिन्यांनी घरी आले तेव्हा कमल त्यांना ओळखेना. हा कोण म्हातारा, असं आईला विचारून ती चुलीमागं लपली होती.

आता या माणसाचं भुजंगनं काय करून ठेवलं ते बघा. भुजंग एकदा पंचायत समितीला निवडून आला, पुढं दोनदा पडला, आणि दुसऱ्यांदा पडल्यावर त्याला आजोबांची आठवण झाली. त्यानं स्मारक समिती काढली. चौकात फ्लेक्स लावला, ‘हुतात्मा आश्रुबादादा’. दादा एकोणीसशे एकोणऐंशीत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, खाटेवर, खोकल्यानं गेले. जाताना त्यांनी गुळाचा चहा मागितला होता. खोकल्याच्या माणसाला हुतात्मा करायला भुजंगसारखाच नातू लागतो. फ्लेक्सवर दादांच्या खांद्याला बंदूक होती. पुतळा तसाच होणार होता.

"भुजंगा, बंदूक कशाला रे दिली त्येंच्या हातात? जन्मात कधी काठी उचलली न्हाई त्येंनी," कमलबाईंनी विचारलं होतं.

"मंग पोरायला सांगावं काय आत्या? गवत कापलं म्हणून? हासतेत पोरं. बंदूक असली की कळतंय, मानूस कायतरी होता."

कमलबाईंनी तोंड वाकडं केलं. तोंड वाकडं करण्यात त्यांचा हात गावात कोणी धरला नसता. पुढाऱ्यांना, समितीला, फेटे बांधणाऱ्यांना आणि बांधून घेणाऱ्यांना, सगळ्यांनाच त्या मनात धारेवर धरायच्या, आणि एवढं केलं की आपण यांच्यातल्या नाही अशी त्यांची खात्री पटायची. त्यासाठी खोलीतून उठावंही लागत नसे.

मागच्या सतरा सप्टेंबरला एक्केचाळिसावी शाल पडली, नारळ आला, आणि भुजंगनं एक फाइल पुढं सरकवली. "आत्या, हितं एक दस्तखत."

दरवर्षीच काही ना काही सही लागायची. सत्काराची यादी असते, हजेरी असते, ग्रामपंचायतीला असल्या कागदांचा सोस फार. चष्मा घरी राहिला होता. शाल घसरत होती, ती डाव्या हातानं सावरत कमलबाईंनी उजव्या हातानं सही केली. त्या सातवी पास होत्या. सही वळणदार यायची, आणि मांडवात चार माणसांदेखत ती करायला त्यांना आवडायचं.

दसरा झाला. पिंगळी रस्त्याला, गावाच्या कडेला चार घरं आहेत ऊसतोड करणाऱ्यांची. त्यातली बायकापोरं, म्हातारे, बैलं, कोंबड्या, सगळा पसारा ट्रकमध्ये चढून कारखान्याकडं गेला. तीन दारांना कुलपं लागली. चौथ्यात कडूबाई राहिली. गुडघे गेले म्हणून ती गेली चार वर्षं जात नव्हती. तिच्याकडं काम एकच. रोज सकाळी चारही अंगणं झाडायची, चारही दारांपुढं सडा टाकायचा. कुलूप लावलेल्या घरापुढं पाचोळा साचला की लोक ते घर सोडलेलं समजतात, आणि मग त्यातले पत्रे, चौकटी पाय फुटून चालायला लागतात. कडूबाईच्या सड्यामुळं तीन रिकामी घरं पाडव्यापर्यंत माणसांची दिसायची.

ती जागा दादांची होती. कडूबाईचा सासरा परमेश्वर हा दादांच्या बरोबर तुरुंगात होता. बाहेर आल्यावर त्याला उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा दादांनी रस्त्याकडची वीस गुंठे त्याला आणि त्याच्या तीन भावांना दिली. "आजपासून तुमची," असं चावडीवर चारचौघांत सांगितलं. अमीनाकडं पोच मागणाऱ्या या माणसाला स्वतःच्या दानाचा मात्र एक चिटोराही लिहून द्यावासा वाटला नाही. आपला शब्द आपल्या मागंही चालेल, असं त्यांना वाटलं. चांगल्या माणसांना एवढंही कळू नये, याचा राग येतो. सातबाऱ्यावर जागा दादांच्याच नावानं राहिली, आणि ते गेल्यावर वारस म्हणून लेकाचं आणि लेकीचं नाव लागलं; लेकाच्या मागं भुजंगचं.

संक्रांत उलटून चार दिवस झाले होते. कडूबाई काठी टेकत कमलबाईंच्या दाराशी आली. तिच्या हातात एक कागद होता, मागच्या बाजूला भिंतीचा पोपडा चिकटलेला.

"आक्का, ह्ये बघा बरं काय डकवलंय. चार दाराला चार. सकाळी सडा टाकायला गेले तं दिसलं."

"कुणी लावलं?"

"मालूम न्हाई. मी पान्याला गेलते."

कमलबाईंनी चष्मा लावला आणि ऐटीत वाचायला सुरुवात केली. त्यांचं वाचणं स्वच्छ होतं. "‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खालील वर्णनाची वीस गुंठे जागा नियोजित हुतात्मा स्मारकास देण्यात आली आहे. सदर जागेचे वारस भुजंग व सहहिस्सेदार श्रीमती...’"

तिथं त्या अडल्या. पुढचा शब्द त्यांचंच नाव होतं. आणि त्याच्या पुढं ‘यांच्या लेखी संमतीने’.

"काय वं आक्का? अक्षर लागना का?"

"लागतंय की." कमलबाईंनी नाव गाळून पुढचं वाचलं. सात दिवसांत अनधिकृत बांधकामे स्वखर्चाने काढून घ्यावीत, न घेतल्यास काढून टाकण्यात येतील.

"हिस्सेदार कोन म्हनं?"

"आसंल भुजंगाचं कुनी," कमलबाई म्हणाल्या.

कडूबाईनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग कागद परत घेतला, चार घड्या घातल्या, कनवटीला खोचला. "पाडव्याबिगर पोरं येत न्हाईत. आता कसं करावं?" असं ती म्हणाली, पण कमलबाईंना विचारल्यासारखं नाही. स्वतःशीच बोलत ती काठी टेकत निघून गेली.

कमलबाई खोलीत बसून राहिल्या. आयुष्यभर त्यांनी ज्या ज्या माणसाकडं बघून नाक मुरडलं होतं, ती सगळी माणसं एका रांगेत उभी केली, तरी त्यातल्या एकानंही दादांची जागा शालीच्या बदल्यात दिली नव्हती. ते काम दादांच्या लेकीनं केलं होतं, तेही वळणदार अक्षरात. आणि ते कमी पडलं म्हणून की काय, वाचता न येणाऱ्या बाईला खोटं वाचून दाखवलं होतं. भुजंगनं तेवढं तरी केलं नव्हतं. त्यांना स्वतःची अशी किळस आली की दुपारचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं.

भुजंग शेतातून हुरडा खाऊन आला तो ढेकर देतच. तालुक्याचे चार साहेब आणले होते हुरड्याला.

"नोटीस कुलपायला लावली व्हय रे?" कमलबाईंनी त्याला ओसरीवरच गाठलं.

"कायद्यानं लावलीय आत्या. मानूस घरी नसला की दाराला लावतेत."

"मानूस घरी न्हाई म्हनूनच लावलीस."

"मंग काय असताना लावू? पंधरा-ईस कोयते दारात हुबे ऱ्हातेल." भुजंग मनापासून हसला. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटतच नव्हतं. "सव्वीस जानेवारीला भूमिपूजन हाय. आमदार साहेब स्वतः येनार हायेत. दादाचंच नाव व्हायलंय ना शेवटी? तू कशाला डोस्क्याला ताप करून घ्यायलीस?"

"ती जागा दादानं दिलती त्येंना."

"कागुद दाखव."

कागद नव्हता.

"माझ्यापाशी हाय कागुद," भुजंग म्हणाला, "आन् त्येच्यावर दस्तखत तुझी हाय. कुनापाशी बोंबलनार हाईस आत्या? लोक तुलाच इचारतेल, म्हातारे, सही केली कशाला?"

हे बाकी त्यानं खरं सांगितलं. कमलबाई आत गेल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तोंड वाकडं न करता गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टमटममध्ये बसून एकट्या पिंगळीला गेल्या. टपाल कचेरीत तीन रजिस्टर पत्रं टाकली, पोचपावतीसकट. एक तहसीलला, एक पोलीस ठाण्याला आणि एक भुजंगला. एकाच घरात राहून भाच्याला रजिस्टर पत्र पाठवणारी बाई पोस्टमास्तरांनी आजवर पाहिली नसावी. त्यांनी पत्ता दोनदा वाचला.

मजकूर तिन्हींत एकच होता. ‘मी कमलबाई, बाप आश्रुबा, राहणार बाभूळखेड, कळवते की स्मारकाच्या कागदावरची माझी संमती मी काढून घेतली आहे. सव्वीस जानेवारीला सकाळी नऊ वाजता मी कडूबाईच्या दारात बसणार आहे. उठवलं तर उठणार नाही. कोणाला शिवी देणार नाही, हात लावणार नाही. धरायचं असेल तर धरावं.’

भुजंगनं ते पत्र जेवताना बायकोला वाचून दाखवलं. "नीलम, ऐक बरं, आत्यानं इंग्रजायला चिठ्ठी धाडलीय." दोघं हसली. पोस्टमननं पोचपावती आणून दिली ती मात्र कमलबाईंनी जपून पिशवीत ठेवली. त्याच पिशवीत आणखी एक कागद होता. तो त्यांनी दोन दिवस खोडून खोडून लिहिला होता, कडूबाईच्या घरापर्यंत दोनदा नेला होता आणि दोनदा तसाच परत आणला होता. दारात बसायला त्यांना भीती वाटत नव्हती. तो कागद द्यायची वाटत होती.

सव्वीस जानेवारीला नऊच्या ठोक्याला कमलबाई कडूबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. कडूबाईनं सरकून जागा केली आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला. समोरच मांडव होता. जेसीबीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, त्याच्या दाताडांना हळदकुंकू लावलं होतं. घर पाडायला आलेल्या यंत्राची नवरदेवासारखी पूजा झाली होती. बंदोबस्ताला जमादार दत्तराव आला होता. तो पुढं येऊन कमलबाईंच्या पाया पडला.

"दत्तराव, पत्र मिळालं ना ठाण्याला?"

"मिळालं की आज्जी."

"मंग धर मला."

"काय बोलता आज्जी! तुमाला धरलं तं लोक जोड्यानं मारतेल मला. उन्हात नगा बसू, एवढंच." असं म्हणून तो उसाचा रस प्यायला गेला. दादांना निदान दाढ पाडण्याइतकी किंमत मिळाली होती. लेकीला उन्हात बसू नका म्हणून सांगून सरकार निघून गेलं.

आणि भुजंग? तो रागावेल, ओढेल, आरडाओरडा करेल अशी कमलबाईंनी तयारी केली होती. भुजंग तेवढा साधा असता तर कधी निवडून आला नसता, की पडून पुन्हा उभा राहिला नसता. त्यानं दोन पोरांकडून मांडवातला लाल सोफा उचलून ओट्यापुढं आणवला, आत्यांना दोन्ही खांद्यांना धरून अलगद त्यावर बसवलं आणि माइकवरून पुकारलं, "दादांच्या कन्या, आदरणीय कमलबाई आत्या, या वयात, स्मारक झालंच पाहिजे म्हणून सकाळपासून जागेवर येऊन बसल्या आहेत! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. अकराला साहेब आले, उशिरानं येतात तसे घाईत, आणि गाडीतून उतरताच सवयीनं हात मागं केला. त्या हातात कोणीतरी शाल ठेवली. बेचाळिसावी. साहेबांनी ती कमलबाईंच्या अंगावर टाकली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले.

कमलबाईंना वाटलं, संपलं. त्या बसल्या होत्या अडवायला, आणि यांनी त्यांच्या बसण्याचाही सत्कार करून टाकला. ज्याला मारता येत नाही त्याला हार घालायचा, ही युक्ती इंग्रजांना सुचली असती तर दादा आयुष्यभर गवत कापत बसले असते. त्यांनी मागं वळून बघितलं. कडूबाई ओट्यावर तशीच बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती आणि चकितही झाली नव्हती. या लोकांकडून तिची दुसरी अपेक्षाच नव्हती. आणि ‘या लोकांत’ लाल सोफ्यावरची म्हातारी धरलेली होती, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"आत्या, दादांविषयी दोन शब्द," भुजंगनं माइक पुढं केला. एवढ्या वर्षांत आत्यानं कधी दोनाच्या वर शब्द काढले नव्हते, त्या भरवशावर.

कमलबाई सोफ्यावरून उठल्या. शाल काढून सोफ्यावर ठेवली. पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला.

"माफीनामा," त्यांनी वाचलं.

थांबल्या की टाळ्या वाजवायच्या हे लोकांच्या हाताला वळण होतं. टाळ्या वाजल्या.

"मी कमलबाई, बाप आश्रुबा, राहणार बाभूळखेड. सतरा सप्टेंबरला मी या जागेच्या कागदावर सही केली. न वाचता केली. अंगावर शाल होती आणि फोटो निघत होता म्हणून केली. ती सही मी मागं घेते. पण तो माझा लहान गुन्हा. कडूबाईनं नोटीस माझ्याकडं वाचायला आणली. माझं नाव आलं तिथं मी थांबले, नाव गाळलं, आणि तिनं विचारल्यावर खोटं सांगितलं. हा मोठा गुन्हा. त्याबद्दल मी कडूबाईची आणि बाहेरगावी असलेल्या तिन्ही घरांची माफी मागते. माझ्या बापानं अकरा महिने काढले, पण माफीनाम्यावर सही केली नाही. त्यांनी गुन्हा केला नव्हता. मी केला आहे, म्हणून मी सही करते."

आणि त्यांनी तिथंच, माइक काखेत धरून, सही केली. सही अगदी वेडीवाकडी आली.

आता मात्र टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. एका पोरानं दोन वाजवल्या आणि थांबला. साहेबांनी भुजंगकडं बघितलं. भुजंग आभाळाकडं बघत होता. समोर पंचवीस मोबाइल चालू होते, आणि त्या सगळ्यांत साहेब होते.

"सहहिस्सेदाराची संमती न्हाई म्हनल्यावर," रसाचा ग्लास हातात घेऊन आलेला दत्तराव हळूच म्हणाला, "वर इचारावं लागंल साहेब."

साहेबांनी फार विचार केला नाही. विचार करायची त्यांना कधी गरजच पडलेली नव्हती. "घरातला विषय आहे, घरात मिटवा," ते म्हणाले. नारळ हातात होताच, तो परत कसा न्यायचा, म्हणून त्यांनी तो जेसीबीच्या दाताडावर फोडला, कशाचं भूमिपूजन ते न सांगता नमस्कार केला, आणि धुरळा उडवत निघून गेले. जेसीबीवाला अर्धा तास थांबला. मग माळांसकट कोणाच्या तरी शेतात विहीर खोदायला गेला.

भुजंग कमलबाईंच्या जवळ आला. माइक बंद आहे ना हे त्यानं आधी बघितलं. "लय झालं आत्या. इज्जत घालवलीस. आता माझ्या घरात पाय ठिवू नको."

"बरं," कमलबाई म्हणाल्या. "पेटी तेवढी धाड. का शाली ठिवतोस सत्काराला?"

तो तसाच वळून चालायला लागला. पोरांनी सोफा उचलला, मांडवाच्या दोऱ्या सोडल्या. दुपार व्हायच्या आत जागा पहिल्यासारखी झाली. राहिलं ते नारळाचं पाणी आणि चहाचे कागदी कप.

कमलबाई ओट्यावर येऊन कडूबाईच्या शेजारी बसल्या. माफीनाम्याचा कागद त्यांनी पुढं केला. पिशवीत शाईचा डबाही होता, तो उघडून ठेवला.

"ऐकलंस ना? ह्येच्यावर अंगठा दे, कडूबाई. पोच म्हनून."

"म्या त्या दिशीच वळखलं," कडूबाई म्हणाली. "तुमी वाचता वाचता थांबल्या ना, तवाच. मला वाचता येत न्हाई आक्का, पर थांबलेलं कळतंय." तिनं कागद घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला. शाईला बोट लावलं नाही. "पोच आत्ताच कशी दिऊ? त्यो आज गेला, उंद्या पुन्ना यील. पाडव्याला पोरं येतेल. कुलपं काढून आपापल्या घरात गेली, की मंग मागा पोच."

कमलबाईंनी डबा बंद केला.

"हितंच ऱ्हानार ना मंग तवर?" कडूबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भिंतीला टेकवलेला खराटा त्यांच्या हातात दिला. मांडवाच्या गडबडीत सकाळी तीन अंगणं झाडायची राहून गेली होती.